आडवी बाटली आणि सहा छोटे पेले

दारूबद्दल आपण चळवळीतल्या बायका गेली पन्नास वर्षं बोलतो आहोत. शहाद्याच्या आदिवासी बायकांनी १९७२-७३ मध्ये दारूची मडकी फोडली. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंट्याच्या बायकांनी १९९२ मध्ये गुत्ता बंद पाडला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे त्या राज्यात १९९५ मध्ये दारूबंदी आली. पुढे दोनच वर्षांत ती सरकारनं उठवली, हेही आपल्याला माहीत आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. हा सगळा आपला इतिहास आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण या सगळ्या बोलण्यात बाई दारूच्या एकाच बाजूला उभी असते. ती मार खाते, रात्री पोरांना घेऊन शेजारणीच्या ओसरीवर झोपते, मजुरीचे पैसे पिठाच्या डब्यात लपवते. तिनं स्वतः एखादा पेला उचलला तर काय, हा प्रश्न आपण विचारत नाही. विचारलाच तर खालच्या आवाजात. मला तो या पानांवर मोठ्यानं विचारायचा आहे, कारण आमच्या भागातलं एक काम त्या प्रश्नावर अडलं होतं.

मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या गावांमध्ये काम करते. गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, एका शनिवार-रविवारी मी पुण्याला गेले. एमएसडब्ल्यूला बरोबर असलेल्या आम्ही चौघी. दर वर्षी भेटायचं ठरवतो आणि दर वर्षी कुणाच्या तरी घरी बसून मुलांच्या शाळा आणि सासूबाईंचे गुडघे यावर बोलून उठतो. या वेळी पुण्यातल्या मैत्रिणीनं वेगळाच बेत केला. दोन दिवसांत तीन छोट्या ब्रुअऱ्या बघायच्या, बीअर कशी करतात ते समजून घ्यायचं आणि चव घ्यायची. एसटीच्या अर्ध्या तिकिटावर मी हो म्हटलं. बाईला स्वतःसाठी, कुठल्याही देवाला न जाता, कुणाच्या लग्नाला न जाता, दोन दिवस घराबाहेर पडता येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, हे वाचणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कारखान्यातली बाटलीबंद बीअर वेगळी आणि ही वेगळी. इथं एकाच छपराखाली बीअर तयार होते आणि तिथंच ताजी विकली जाते. महाराष्ट्रात अशी पहिली जागा २००९ मध्ये पुण्यात निघाली, ‘डूलाली’ नावाची. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं आहे. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांचं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत वेडगळ माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले. २०१४ मध्ये मुंढव्याला ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ सुरू झाली, मग कोरेगाव पार्क, बाणेर असं हे लोण पसरत गेलं. ज्या २००९ मध्ये पुण्यात पहिली ब्रुअरी निघाली, त्याच वर्षीच्या जानेवारीत मंगळूरला एका पबमध्ये घुसून श्रीराम सेनेच्या लोकांनी तिथल्या मुलींना मारहाण केली होती. या दोन्ही घटना मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

पहिल्या ठिकाणी तिथल्या एका तरुण कामगारानं आम्हाला आतली यंत्रं दाखवली. तांब्या-पोलादाच्या मोठमोठ्या टाक्या, गरम वाफ, भिजलेल्या धान्याचा वास. तो समजावत होता आणि मला हसू येत होतं, कारण निम्मी प्रक्रिया मला माहीत होती. सातू भिजवायचे, त्याला मोड आणायचे, ते वाळवून कमी-जास्त भाजायचे, भरडायचे. आमच्या बचत गटातल्या बायका बाळांसाठी नाचणीसत्त्व करतात ते याहून वेगळं काय करतात? ते भरड गरम पाण्यात ठेवलं की त्याला गोडी सुटते. ते पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करायचं, त्यात यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. विरजण लावणारीला, आंबील करणारीला, इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही हे कळणारीला यात नवीन काही नाही. दारू गाळतात, तसं इथं काही गाळून भट्टीवर चढवत नाहीत. बीअर आंबवतात. उरलेला चोथा गुरांना जातो.

मग फळीवर मांडलेले सहा छोटे पेले आले, प्रत्येकात दोन-चार घोट. गव्हाच्या बीअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता, आणि त्यात केळंही नव्हतं नि लवंगही, तो वास यीस्टचा. एक काळीभोर होती, तिला करपलेल्या भाकरीचा वास. एक कारल्यासारखी कडू. ती मला मुळीच आवडली नाही आणि मैत्रिणीला तीच सगळ्यात आवडली. दोन दिवसांत मी एकूण किती प्यायले ते सांगायला हवं का? सांगते, सगळं मिळून दीड-दोन पेले भरतील. चक्कर आली नाही, मुक्ती मिळाली नाही.

मला लक्षात राहिली ती चव नव्हे, तिथलं बसणं. शेजारच्या टेबलावर पाच-सहा मुली होत्या, पलीकडं एक पन्नाशीची बाई एकटीच पुस्तक वाचत बसली होती, आणि कुणी वळून बघत नव्हतं. बीडच्या बसस्थानकाबाहेर टपरीवर एकट्या बाईनं उभं राहून चहा प्यायला तर दहा माणसं बघतात. आमच्या जिल्ह्यात पुरुषाला बसायला पार आहे, चावडी आहे, हॉटेल आहे, पानटपरी आहे. बाईला बसायला काय आहे? पाण्याचा हापसा, आणि तोही काम म्हणून. अशा जागा पुण्यातही पैशावर मिळतात, हे मला दिसत होतं. तिथल्या एका मोठ्या पेल्याला चारशेच्या आसपास पडतात. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. हा हिशेब घोटाबरोबर घशात येतोच, तो कुणी आठवण करून द्यावा लागत नाही.

आता अडचणीकडं येते. मैत्रिणीनं आमचा फोटो व्हॉट्सॲपवर लावला. चौघी, समोर फळी, हातात पेले, हसणारे चेहरे. तो फिरत फिरत केजपर्यंत आला. त्या वेळी आमच्या कामाच्या एका गावात देशी दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या चालू होत्या. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणं गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. सह्या पुऱ्या व्हायला आल्या होत्या. दुकानाच्या बाजूच्या लोकांनी तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचवला. खाली लिहिलं होतं, ‘दारूबंदीवाल्या म्याडमची दारूपार्टी’. दुसऱ्या दिवशी सही केलेल्या तीन सुनांचा निरोप आला, आमची नावं काढा. सासरच्यांनी विचारलं होतं, असल्या बाईच्या मागं फिरता का?

आमच्या संघटनेच्या बैठकीत यावर अडीच तास चर्चा झाली. वयानं आणि कामानं मोठ्या असलेल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “सरबत होतं म्हणून सांगून टाक. विषय संपेल.” मी नाही म्हटलं. मग त्यांनी बैठकीत आपलं म्हणणं मांडलं, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. त्या म्हणाल्या, गावात आपल्याला उभं राहायला एकच जागा असते, आपल्यावर बोट दाखवता येत नाही ही. ज्या बाईला रोज रात्री त्या वासानं कापरं भरतं, तिनं तुझ्या हातात पेला बघून काय समजायचं? हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर त्या बाईलाच विचारायला हवं, असं मला वाटलं, आणि मी सह्यांच्या पुढच्या बैठकीला त्या गावात गेले.

समाजमंदिरात चाळीसेक बायका होत्या. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी सत्तरीच्या एका मावशींनी तोंड उघडलं. त्यांच्या नवऱ्यानं आणि मग मुलानंही दारूत रान विकलेलं.

“ताई, पेलात म्हणं तुमी?”

“हो मावशी. चव घेतली.”

“मंग घरी जाऊन कुणाला मारलं का?”

“नाही.”

“पैशे कुणाचे होते?”

“माझ्या पगाराचे.”

“मंग त्या दुकानवाल्याला काय करायचंय?” आणि थोडं थांबून, “कशी लागती?”

“कडू.”

“मंग कामून पेता?”

बायका जी हसायला लागल्या ती थांबेनात. तीनपैकी दोन नावं परत आली. तिसरी आली नाही, तिच्यासाठी हा हसण्याचा विषय नव्हता, आणि तिचं तसं असणं मला मान्य आहे. तिला वासाचीच भीती वाटते. तिच्यासमोर मी पेला नाचवणार नाही. पण माझ्याबद्दल खोटंही सांगणार नाही, कारण त्या खोट्यावर उभं राहिलेलं काम पुढच्या फोटोला पुन्हा पडेल.

मावशींनी दोन प्रश्नांत जे वेगळं केलं ते आपण चळवळीत नीट वेगळं केलेलं नाही. आपला विरोध कशाला आहे? मारहाणीला, मजुरी लुटण्याला आणि त्या लुटीवर पोसलेल्या दुकानाला. की ‘अपवित्र’ द्रवाला? दुसरा विरोध फार सोपा असतो. त्याला गावातले कीर्तनकार पाठिंबा देतात, सरपंच देतात, स्वतः रोज पिणारे पुढारीही देतात. पण त्याची किंमत बाई मोजते. दारू वाईट कारण ती संस्कार बिघडवते असं म्हटलं की पुढचं वाक्य येतंच की संस्कार जपायचे ते बाईनं. मग पुरुष पितो तेव्हा ‘सवय लागली बिचाऱ्याला’ आणि बाईनं चव घेतली की ती चवचाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के दारू पितात आणि बायकांपैकी ०.४ टक्के, असं आढळलं. हजारात चार बायका. त्या चौघींचं चारित्र्य हा गावाचा प्रश्न होतो, आणि एकशेएकोणचाळीस पुरुष घरातल्या बाईचं नशीब म्हणून सोडून दिले जातात.

त्याच सर्वेक्षणात देशभराचा आणखी एक आकडा आहे. ज्यांचे नवरे नेहमी दारू पिऊन येतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. हा आकडा आपण प्रत्येक भाषणात वापरतो आणि वापरायलाच हवा. पण त्याच्या शेजारचा आकडा आपण वाचत नाही. ज्यांचे नवरे अजिबात पीत नाहीत, त्यांच्यातही हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. त्या शंभरातल्या तेवीसजणींना कुठली बाटली मारते? दारूनं हात सुटतो, पण हात उचलण्याचा अधिकार त्याला आधीच दिलेला असतो. दुकान बंद झाल्यावर गाव निवांत झालं असं समजून आपण तिथून उठलो तर या तेवीसजणींना मागं टाकून उठलो.

‘बायकांच्या भल्यासाठी’ बायकांना एखाद्या जागेतून बाहेर काढायचं, हा डाव आपल्याला नवा नाही. दारू दिली जाते तिथं बायकांना नोकरी करायला बंदी घालणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये रद्द केलं. महाराष्ट्रात २००५ च्या डान्सबार बंदीवर आपल्या चळवळीत उभी फूट पडली होती, जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. तो वाद आपण संपवला नाही, बाजूला ठेवला.

आणि गंमत अशी की बीअर ही मुळात बायकांचीच विद्या. मेसोपोटेमियात बीअरची देवी होती, निन्कासी, आणि हम्मुराबीच्या कायद्यात गुत्ता चालवणारीचा उल्लेख बाई म्हणूनच येतो. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापर्यंत घराघरांत बायकाच एल करत नि विकत. धंद्यात भांडवल, परवाने, मोठी पिंपं आली तशा त्या बाहेर पडल्या. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट, कारण ती ज्वारीची आहे. तिथं काळ्या बायका घरी ज्वारीची बीअर करत. १९०८ च्या कायद्यानं नाताळ प्रांतात, डर्बनसारख्या शहरांमध्ये, तो हक्क नगरपालिकेनं स्वतःकडं घेतला. घरी केली तर छापे आणि अटक, आणि पालिकेच्या बीअर हॉलमध्ये पुरुषांनी मजुरी उडवायची. त्या नफ्यातून काळ्यांवर नजर ठेवणारं प्रशासन चालायचं. जून १९५९ मध्ये डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन या बीअर हॉलवर चालून गेल्या, आतल्या पुरुषांना हाकललं, पिंपं ओतून दिली. आता या बायका दारूच्या बाजूच्या की विरोधातल्या? त्या स्वतः बीअर करणाऱ्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की आमची विद्या हिसकावून, आमच्याच नवऱ्यांची मजुरी लुटून तुम्ही राज्य चालवू नका.

आपल्याकडं काय वेगळं आहे? मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाईवर इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा आणला, आणि महाराष्ट्र सरकारनं मोहफुलांवरची बंधनं उठवायला २०२१ साल उजाडलं. आमच्या बीडची बाई कोयता घेऊन दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जाते. उचल नवऱ्याच्या हातात पडते, तोड दोघांनी करायची. त्याच उसाच्या मळीपासून स्पिरिट निघतं, त्याची देशी दारू होते आणि ती तिच्या गावात तिच्या आधी पोचते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं महसूल वाढवण्यासाठी विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्याच्या मद्याचा नवा प्रकार काढला. राज्यघटनेच्या सत्तेचाळीसाव्या कलमात दारूबंदीचं उद्दिष्ट लिहिलेलं, राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू, आणि तिजोरी दारूवर भरायची. बोट दाखवायचं तर इथं दाखवू या.

ब्रुअऱ्यांवरही दाखवू या. एका ठिकाणी पाटी होती, बुधवारी बायकांना पहिला पेला फुकट. बाई बसली की पुरुष येतात, हा त्यामागचा हिशेब, म्हणजे तिथंही आपण गिऱ्हाईक कमी आणि गळाला लावलेलं आमिष जास्त. आणि पाणी. एक लिटर बीअरला साधारण चार ते सात लिटर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आमच्या गावांत बायका टँकरमागं धावत होत्या, आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या बीअर-दारूच्या कारखान्यांना धरणाचं पाणी चालू होतं. खंडपीठानं त्यांचं पाणी आधी पन्नास आणि मग साठ टक्क्यांनी तोडायला सांगितलं तेव्हा ते कमी झालं. पुण्यातल्या त्या टाक्यांपुढं उभी असताना मी पाण्याबद्दल विचारलं. त्या मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं की सगळ्यात जास्त पाणी धुण्यात जातं. हा प्रश्न पिणाऱ्या मैत्रिणींनीच तिथं जाऊन विचारायला हवा. आम्ही बाहेरून विचारला तर ‘तुम्हाला बीअरच नको’ म्हणून उडवून लावतील.

त्या गावातल्या सह्या आता पुऱ्या झाल्या आहेत, अर्ज दिला आहे. पुढची लढाई आकड्यांची आहे. आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या सगळ्यांच्या. म्हणजे मतदानाच्या दिवशी जी बाई साताऱ्याच्या फडात कोयता चालवत असेल, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा झाल्यासारखंच. ऊसतोडीच्या जिल्ह्यात मतदान कोणत्या महिन्यात लावलं यावरच निकाल ठरतो. आम्ही तहसीलदारांकडं मागणी केली आहे की टोळ्या परतल्यावर, पाडव्यानंतरचीच तारीख द्यावी. ज्या जिल्ह्यांतून बायका मोठ्या संख्येनं स्थलांतर करतात तिथल्या संघटनांनी आपापल्या गावांतल्या मतदानाच्या तारखा आणि निकाल ताडून बघावेत आणि आम्हाला कळवावं.